वादातले वचन कसे वाचावे : बायबलच्या नव्या वाचकासाठी

घरात किंवा मंडळीत (म्हणजे चर्चच्या विश्वासी समुदायात) एखादा सामाजिक प्रश्न पेटला की बायबलमधले एखादे वचन हमखास पुढे केले जाते. स्त्रीने उपदेश करावा का, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईने घर सोडावे का, समलिंगी व्यक्तीला मंडळीत कोणते स्थान असावे, जातीबाहेरच्या लग्नाला विश्वासू म्हणवणाऱ्या कुटुंबाने का अडवावे, अशा प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंकडे वचने तयार असतात आणि ती मोबाइलच्या पडद्यावर एका ओळीत मावतात. जो माणूस नुकतेच शास्त्र वाचू लागला आहे त्याची अशा वेळी पंचाईत होते. वचन तर समोर छापलेले दिसते, ते नाकारावे तर अश्रद्ध ठरण्याची भीती, आणि जसेच्या तसे स्वीकारावे तर मन साक्ष देत नाही. हा लेख त्या वाचकासाठी आहे. कोणत्या वादात कोणती बाजू घ्यावी हे येथे सांगायचे नाही. वादातले वचन समोर आल्यावर त्याच्याबरोबर दोन-तीन आठवडे कसे बसावे एवढेच सांगायचे आहे.

सोयीसाठी एक वचन बहुतेक वेळ हाताशी धरू. प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, चौतिसाव्या वचनात, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे असे म्हटले आहे. आमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात नवा माणूस आला की पहिल्या महिन्याभरात हे वचन कुणीतरी काढतेच, म्हणून तेच घेतो.

पहिली पायरी : आधी वही, मग बायबल

वचन उघडण्यापूर्वी वहीच्या कोऱ्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्याखाली, या प्रश्नाचे कोणते उत्तर निघाले तर आपल्याला बरे वाटेल, हे प्रामाणिकपणे लिहावे. हे दुसरे वाक्य लिहिताना माणसे फार अवघडतात, पण तेच महत्त्वाचे आहे, कारण आपली इच्छा कागदावर दिसली नाही तर ती अर्थ लावण्याच्या कामात न बोलावता येऊन बसते.

याच पानावर एक नियम लिहून ठेवावा : जे माप नावडत्या वचनाला लावायचे तेच आवडत्या वचनालाही लावायचे. हा नियम ऐकायला सोपा आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घ्या, ज्यात परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत आणि तुम्हाला आशा देणारे आहेत. हे वचन शुभेच्छापत्रांवर असते, नव्या वर्षाच्या दिनदर्शिकांवर असते, दहावीच्या निकालाच्या दिवशी तर घरोघरी पाठवले जाते. पण ते बाबेलमध्ये धरून नेलेल्या कैद्यांना पाठवलेल्या पत्रातले वाक्य आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे सांगितले आहे. म्हणजे ज्यांनी हे पत्र प्रथम ऐकले त्यांतले बहुतेक जण परतीचा दिवस न पाहताच मरणार होते. दहावे वचन दिनदर्शिकेवर छापलेले मी तरी पाहिलेले नाही. पौलाचे वचन ‘त्या काळातल्या लोकांसाठी’ होते असे म्हणणारा माणूस यिर्मयाचे वचन थेट आपल्या मुलाच्या निकालाला लावत असेल, तर त्याचे माप बदलले आहे. आणि यिर्मयाचा संदर्भ खुशाल विसरणारा माणूस पौलाच्या बाबतीत अक्षराला चिकटून राहत असेल, तर त्याचेही तेच झाले आहे.

दुसरी पायरी : एकापेक्षा जास्त भाषांतरे

मराठी वाचकाला याबाबतीत तक्रार करायला जागा नाही. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत असतेच. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभलेले ‘सुबोध बायबल’ आजच्या वाहत्या मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवण्यापासूनचे काम स्त्रियांनी केले. ज्या वचनावरून आपण वाद घालतो आहोत ते वचन गप्प न बसलेल्या बायकांच्या हातून छापून निघाले, ही गोष्ट अर्थाचा पुरावा नव्हे. पण ती ठाऊक असलेली बरी.

वादातले वचन निदान दोन भाषांतरांत शेजारी शेजारी ठेवून वाचावे. शब्द जुळत असतील तर पुढे जावे. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करावी, कारण मुळातली अडचण बहुधा तिथेच असते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, हेही नव्या वाचकाने लक्षात ठेवावे, म्हणजे समोरच्याने दिलेला संदर्भ आपल्या प्रतीत सापडला नाही तरी गोंधळ होत नाही.

आणखी एक गोष्ट. वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापले. संदर्भ शोधायला ते फार उपयोगी आहेत, पण त्यांच्यामुळे एका सलग पत्राचे सुट्या वाक्यांत तुकडे झाल्यासारखे वाटते आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र आज्ञा असल्याचा भास होतो.

तिसरी पायरी : सगळे पत्र एका बैठकीत

करिंथकरांस पहिले पत्र सोळा अध्यायांचे आहे. मोठ्याने वाचले तर साधारण तास-सव्वा तासात संपते. एखाद्या रविवारी दुपारी ते सलग वाचावे, मध्ये टिपणे काढू नयेत, आणि वाचताना एवढेच पाहावे की लिहिणारा कोणाशी बोलतो आहे आणि कशाबद्दल वैतागला आहे.

पौलाने हे पत्र इफिसहून लिहिले. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर होते. रोमी सैन्याने उद्ध्वस्त केल्यावर यूलियस कैसराने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवले होते. तिथल्या मंडळीत भांडणे लागल्याची बातमी ख्लोवेच्या घरच्या माणसांनी पौलाला कळवली (१:११, म्हणजे पहिला अध्याय, अकरावे वचन), आणि सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो ‘तुम्ही लिहिलेल्या गोष्टींविषयी’ असे म्हणतो. म्हणजे टेलिफोनवरच्या संभाषणाची एकच बाजू आपल्याला ऐकू येते आहे. करिंथकरांनी काय विचारले होते ते पौलाच्या उत्तरावरून ताडावे लागते.

आता चौदावा अध्याय पुन्हा, सावकाश. त्याचा विषय स्त्रिया हा नाहीच. विषय आहे उपासनेतला गोंधळ : एकाच वेळी अनेकजण अन्य भाषांत, म्हणजे प्रेरणेने येणाऱ्या पण इतरांना न कळणाऱ्या बोलींत, बोलतात, संदेश देणारे एकमेकांना थांबू देत नाहीत, बाहेरचा माणूस आत आला तर त्याला हे लोक वेडे वाटतील, असे पौल स्वतःच म्हणतो. आणि इथे एक बारीक गोष्ट दिसते, जी एकच वचन वाचणाऱ्याला कधीच दिसणार नाही. गप्प राहण्याची आज्ञा या अध्यायात तीनदा येते. अठ्ठाविसाव्या वचनात, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे. तिसाव्या वचनात, बसलेल्या दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर बोलत असलेल्या पहिल्याने गप्प राहावे. आणि चौतिसाव्यात स्त्रियांनी. तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे, सिगाओ. पहिल्या दोन ठिकाणी ते ‘त्या प्रसंगापुरते थांबा’ अशा अर्थाने आले आहे, यावर कुणाचा वाद नाही. तिसऱ्या ठिकाणी ते कायमचे मौन झाले काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न सगळा अध्याय वाचल्याशिवाय विचारताच येत नाही.

सलग वाचणाऱ्याला दुसरीही एक गोष्ट अडखळवते. तीनच अध्याय आधी, ११:५ मध्ये, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक आच्छादावे असे तोच लेखक सांगतो. मस्तकाचा वाद बाजूला ठेवला तरी एवढे उघड आहे की सभेत स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, हे तो गृहीत धरून चालला आहे.

चौथी पायरी : शब्द, पण शब्दाचा फार मोह नको

आता इंटरनेटवर कोणालाही मूळ शब्द पाहता येतात. स्ट्राँगच्या शब्दसूचीतले क्रमांक दाबले की हिब्रू-ग्रीक शब्द आणि तो कुठे कुठे आला आहे ते समोर येते. याचा एक चांगला उपयोग म्हणजे तोच शब्द दुसरीकडे कसा वापरला आहे ते पाहणे. उत्पत्ति २:१८ मध्ये स्त्रीला पुरुषाची ‘अनुरूप साहाय्यक’ म्हटले आहे आणि ‘साहाय्यक’ म्हणजे हाताखालची, असा अर्थ अनेक लग्नांच्या उपदेशांत मी ऐकला आहे. मूळ शब्द एझेर. हाच शब्द स्तोत्र १२१ मध्ये परमेश्वराबद्दल आला आहे : माझे साहाय्य कोठून येईल, परमेश्वरापासून येते. तेव्हा केवळ त्या शब्दावरून कनिष्ठपणा काढता येत नाही. त्याचप्रमाणे वरिष्ठपणाही काढता येत नाही, हे उत्साहाच्या भरात विसरू नये.

मोह कोणता, तर व्युत्पत्तीचा. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे अर्थ सापडला असे नव्या वाचकाला वाटते. ‘शिक्षा’ हा शब्द पाहा. हिंदीत शाळा देते ती शिक्षा आणि मराठीत शाळा करते ती शिक्षा. धातू एकच, पण धातूवरून आजच्या मराठी वाक्याचा अर्थ लावायला गेलो तर न्यायाधीश आरोपीला शिकवू लागतील. अर्थ वापरावरून ठरतो. म्हणूनच जो शब्द फार थोडा वापरलेला आहे त्याबद्दल सावध राहावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:१२) स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये असे जे वाक्य आहे, त्यात आलेले औथेंतेइन हे क्रियापद साऱ्या नव्या करारात पुन्हा कुठेही येत नाही. ते साधा अधिकार सांगते की दांडगाईने मिळवलेला अधिकार सांगते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अशा ठिकाणी कोणी छातीठोकपणे बोलू लागला, मग तो कोणत्याही बाजूचा असो, की मी वहीत प्रश्नचिन्ह काढतो.

पाचवी पायरी : चार उत्तरे मांडून पाहणे

बऱ्याच छापील बायबलांत चौतिसाव्या वचनापाशी तळटीप असते, आणि तळटीपा वाचण्याची सवय नव्या वाचकाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. ३४ आणि ३५ ही दोन वचने काही प्राचीन हस्तलिखितांत चाळिसाव्या वचनानंतर, म्हणजे अध्यायाच्या अगदी शेवटी येतात. यावरून काही अभ्यासक म्हणतात की ती मुळात कुणी समासात लिहिलेली टीप असावी आणि नक्कल करणाऱ्यांनी ती आत घेताना वेगवेगळ्या जागी घातली. हे एक उत्तर. दुसरे असे की ही वाक्ये करिंथकरांचीच आहेत आणि पौल ती उद्धृत करून छत्तिसाव्या वचनात, ‘देवाचे वचन काय तुमच्यापासूनच निघाले?’ अशा रोखाने त्यांना फटकारतो. तिसरे असे की सभेत प्रश्न विचारून किंवा संदेशांची पारख करताना जो गोंधळ होत होता तेवढ्यापुरती ही आज्ञा आहे. पस्तिसाव्या वचनात ‘घरी नवऱ्याला विचारावे’ असे येते ते त्यामुळेच. चौथे, परंपरेने अनेक शतके मानलेले, की मंडळीतल्या अधिकृत शिकवणीचे काम स्त्रियांचे नाही असा हा कायमचा नियम आहे.

चारही उत्तरे वहीत मांडावीत आणि प्रत्येकापुढे त्याची सर्वांत दुबळी बाजू लिहावी. पहिल्याची दुबळी बाजू ही की ही वचने अजिबात नाहीत असे एकही हस्तलिखित उपलब्ध नाही. दुसऱ्याची ही की ६:१२ किंवा ७:१ मधल्या ज्या वाक्यांना उद्धृत मानतात ती छोटी घोषवाक्ये आहेत, आणि इथे मात्र कारणांसह लांबलचक मजकूर आहे. तिसऱ्याची ही की ‘सर्व मंडळ्यांत’ असे शब्द जवळच आहेत. चौथ्याची ही की ११:५ त्याच्या आड उभे आहे. मला स्वतःला तिसरे उत्तर सगळ्यांत पटते. दुसरे मला फार आवडते, आणि आवडते म्हणूनच मी त्याच्यावर भार टाकत नाही.

सहावी पायरी : आपल्या विरुद्धचे साक्षीदार बोलवावेत

आपल्या मताला आधार देणारी वचने कुणीही गोळा करतो. कसोटी विरुद्ध बाजूच्या वचनांची आहे. स्त्रियांनी बोलावे असे वाटणाऱ्याने तीमथ्याला पत्रातले ते वाक्य वहीत पूर्ण उतरवून काढावे, त्यात उत्पत्तीचा आधार घेतला आहे हेही लिहावे. न बोलावे असे वाटणाऱ्याने राष्ट्राचा न्याय करणारी दबोरा (शास्ते ४), राजाने ज्या स्त्रीकडे नियमशास्त्राच्या ग्रंथाविषयी माणसे पाठवली ती हुल्दा (२ राजे २२), अपुल्लोस या उपदेशकाला अधिक नीट समजावून सांगणारी प्रिस्किल्ला (प्रेषितांची कृत्ये १८:२६) आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली नावांची यादी लिहावी.

ती यादी बहुतेक लोक भराभर उलटून जातात. त्यात पहिलेच नाव फिबीचे आहे आणि तिला दियाकोनोस, म्हणजे सेवक, म्हटले आहे, जो शब्द पौल स्वतःबद्दलही वापरतो. सातव्या वचनात युनिया येते. हे स्त्रीचे नाव रोमी शिलालेखांत वारंवार आढळते, आणि चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्तोम तिला स्त्री समजूनच तिची वाखाणणी करतो. तरीही विसाव्या शतकातल्या बऱ्याच भाषांतरांनी तिला ‘युनियास’ असा पुरुष केला, जरी तसे पुरुषी नाव त्या काळच्या लेखांत सापडत नाही. ती प्रेषितांमध्ये नामांकित होती की प्रेषितांना ठाऊक असलेली होती, यावर अजून चर्चा चालते. ती बाई होती यावर आता फारशी चालत नाही.

याच वचनांवरून आजच्या मंडळ्या वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचल्या आहेत. दक्षिण भारत चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली आणि २०१३ साली पुष्पा ललिता यांना बिशप केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली, स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे पत्र काढले. दोन्हीकडे शास्त्र मन लावून वाचणारी माणसे आहेत हे नव्या वाचकाने आधी मान्य करावे, म्हणजे वाद घालताना आवाज आपोआप खाली येतो.

इतिहासाची परीक्षा : गुलामगिरी

अर्थ लावण्याची पद्धत चांगली की वाईट हे ओळखायचे असेल तर ती ज्या प्रश्नाचा निकाल लागून गेला आहे त्यावर चालवून पाहावी. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांकडे वचनांची वाण नव्हती. गुलामांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे (इफिस ६:५), ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे (१ करिंथ ७:२०), आणि नोहाने हामाला शाप दिला, म्हणून आफ्रिकी लोक दास झाले. शेवटचे तर उघड उघड चुकीचे आहे. उत्पत्ति ९:२५ मध्ये शाप हामाला नाही, त्याच्या मुलाला, कनानाला आहे, आणि आफ्रिकेचा तिथे उल्लेखही नाही. ७:२० च्या पुढच्याच वचनात, मोकळा होता येत असेल तर ती संधी घे, असे म्हटले आहे. धन्याकडून पळालेल्या दासाला परत त्याच्या स्वाधीन करू नये असे ‘अनुवाद’ या पुस्तकातले २३:१५ सांगते, आणि अमेरिकेच्या संसदेने १८५० साली नेमका उलट कायदा केला.

सगळ्यांत बोलका पुरावा १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाचा आहे. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी तयार केलेल्या बायबलच्या त्या संक्षेपात इस्राएल लोकांची मिसरमधून झालेली सुटका गाळली होती, आणि ख्रिस्तामध्ये दास नाही व स्वतंत्र नाही असे म्हणणारे गलतीकरांस ३:२८ हेही गाळले होते. छापणाऱ्यांना कोणती वचने अडचणीची आहेत हे नीट ठाऊक होते. १८४५ साली गुलामांच्या मालकांना मिशनरी नेमावे की नाही यावरून बाप्टिस्ट मंडळ्या फुटल्या. त्यातून निघालेल्या दक्षिणी बाप्टिस्ट परिषदेने माफी मागितली ती १९९५ साली.

यातून नव्या वाचकाने एक गैरसोयीची गोष्टही टिपून ठेवावी. सुट्या वचनांची बेरीज केली तर मालकांचे पारडे हलके नव्हते. गुलामगिरीच्या विरोधकांना निर्गमाची सगळी कथा, संदेष्टे, आणि पळून आलेल्या अनेसिमाला ‘दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू’ म्हणून स्वीकार असे सांगणारे फिलेमोनाचे पंचवीस वचनांचे पत्र एकत्र ठेवून शास्त्राचा कल कुठे जातो ते दाखवावे लागले. कल पाहणे योग्यच आहे, पण कल दाखवताना तो शास्त्रातल्याच टप्प्यांनी दाखवता आला पाहिजे, नाहीतर आपल्याला जिथे जायचे आहे तिथेच तो नेतो.

आपल्याकडचा धडा जातीचा. दक्षिणेतल्या मंडळ्यांत जातवार वेगळे बसणे आणि प्रभुभोजनाला वेगळे जाणे रूढ होते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली ते बंद करण्याचा आदेश काढला आणि त्यावरून कितीतरी कुटुंबे मंडळी सोडून गेली. त्यांच्यापुढे उत्तर छापलेले होते. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे, आणि काही विशिष्ट माणसे आल्यावर पंगतीतून उठू लागला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावले (गलती २:११–१४). पंगत म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही अशा मराठी वाचकाला हा प्रसंग कोणत्याही युरोपीय भाष्यकारापेक्षा लवकर कळायला हवा.

माणूस समोर असताना

वर्गात बसून वचनाचा अर्थ लावणे वेगळे आणि सुजलेल्या चेहऱ्याची बाई समोर बसलेली असताना लावणे वेगळे. आमच्याकडे एकदा अशी बाई आली तेव्हा तिला आधीच दोन ठिकाणी ‘परमेश्वर घटस्फोटाचा द्वेष करतो’ एवढेच सांगून परत पाठवलेले होते. मलाखी २:१६ चे हिब्रू अवघड आहे आणि त्याचे भाषांतर निदान दोन प्रकारे होते, पण दोन्ही प्रकारांत त्याच वचनाच्या दुसऱ्या भागात वस्त्राप्रमाणे बलात्काराने, म्हणजे जुलमाने, स्वतःला झाकणाऱ्या पुरुषाचा निषेध आहे. अर्धे वचन सांगणाऱ्याने तिला शास्त्र सांगितले नाही. मत्तय १९ मध्येही येशूला विचारलेला प्रश्न ‘कोणत्याही कारणावरून’ बायको टाकता येते का असा, म्हणजे पुरुषाच्या मनमानीबद्दलचा होता.

अशा वेळी क्रम उलटा करावा : आधी तिची सुरक्षितता, डॉक्टर, विश्वासू नातेवाईक, महिला हेल्पलाइन १८१, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, आणि मग अभ्यास. कायद्याची माहितीही अद्ययावत ठेवावी. ख्रिस्ती पत्नीला घटस्फोटासाठी नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे, नवऱ्याला मात्र एकटा व्यभिचार पुरे, ही १८६९ च्या कायद्यातली विषमता मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली अमान्य केली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती देशभर गेली. तरी जुनीच माहिती सांगणारे सल्लागार अजून भेटतात.

जिथे एकमत होत नाही

समलिंगी संबंधांचा प्रश्न नव्या वाचकाने पहिल्याच आठवड्यात हाती घेऊ नये असे मी सुचवतो. प्रश्न कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे, तर वरच्या पायऱ्यांचा हात बसल्यावर तो अधिक न्यायाने वाचता येतो म्हणून. पापामुळे देवाने नाश केलेल्या सदोम नगराच्या कथेपासून (उत्पत्ति १९) सुरुवात केली तर यहेज्केल १६:४९ सदोमाचे पाप गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबांकडे दुर्लक्ष असे सांगते, आणि यहूदाचे पत्र त्यात लैंगिक पापही पाहते. दोन्ही लिहून ठेवावे. १ करिंथ ६:९ मधला आर्सेनोकोइताय (ज्याचा अर्थ सहसा ‘पुरुषांशी संग करणारे पुरुष’ असा घेतात) हा शब्द पौलाच्या आधी कुठे सापडत नाही आणि तो लेवीय १८ व २० च्या ग्रीक भाषांतरातल्या शब्दांवरून घडवलेला दिसतो. पारंपरिक वाचक म्हणतात की म्हणूनच मनाई स्पष्ट आहे. दुसरे म्हणतात की पौलासमोर शोषणाचे संबंध होते, आज दोन प्रौढांत असलेली निष्ठा नव्हती. रोमकरांस १ वरही हाच वाद होतो, आणि माझ्या मते सगळ्यांत कठीण उतारा तोच आहे, कारण त्यात पौल केवळ नियम सांगत नाही तर सृष्टीच्या रचनेवरून बोलतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. कायद्याने काय गुन्हा आहे आणि शास्त्राने काय योग्य आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वर्गात ते वेगळ्या पानांवर लिहावेत. कॅथलिक धर्मशिक्षण असे संबंध अयोग्य मानते आणि त्याच ठिकाणी समलिंगी व्यक्तींना आदराने, सहानुभूतीने वागवावे व त्यांच्याविरुद्ध अन्याय्य भेदभाव करू नये असेही बजावते. पहिले वाक्य उद्धृत करणाऱ्याने दुसरेही करावे.

वही बंद करण्यापूर्वी

हा अभ्यास एकट्याने करू नये. चार-सहा माणसांचा गट पुरे, पण त्यात ज्यांच्याविषयी ते वचन बोलते त्यांच्यापैकी कोणीतरी असले पाहिजे. स्त्रियांच्या मौनाबद्दल पाच पुरुषांनी काढलेला निष्कर्ष मला तरी अर्धवट वाटतो. पाळकांना किंवा धर्मगुरूंना प्रश्न जरूर विचारावेत, मात्र उत्तर कोणत्या वचनावरून आले तेही विचारून घ्यावे. आवाज चढला की त्या दिवशी वाचन थांबवून चहा करावा.

शेवटी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘ठाऊक नाही’. आमच्या गटाच्या वहीत १ करिंथ १४:३४ खाली पहिल्या रकान्यात लिहिले आहे की अध्यायाचा विषय उपासनेतली शिस्त आहे, गप्प राहण्याचे क्रियापद तीनदा आले आहे आणि ११:५ मध्ये स्त्रिया सभेत बोलतात. दुसऱ्यात लिहिले आहे की आज्ञा एका विशिष्ट गोंधळापुरती असावी. त्यापुढे दोघांनी सही केलेली नाही आणि त्यांची कारणे खाली आहेत. तिसऱ्यात एकच वाक्य आहे, करिंथच्या त्या स्त्रिया नेमके काय विचारत होत्या, आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे.